पटत नसेल तर लिहून द्या
(जून २०१९ मध्ये तालुक्याच्या वनहक्क मेळाव्यात झालेलं भाषण. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



पाऊस तोंडावर आलाय. राब भाजून झालेत, बी काढून ठेवलंय, आणि तरी तुम्ही दिवस मोडून इथं आलात. म्हणून आम्ही लांबण लावणार नाही. आज एकाच प्रश्नावर बोलायचं आहे. एखाद्या सरकारी अधिकाऱ्याला एखादा कायदा घटनेच्या विरुद्ध वाटत असेल, तर त्याने त्या कायद्याची बाजू घ्यायची की नाही? हा प्रश्न वकिलांचा वाटेल, पण तो आपल्या शेताच्या बांधापर्यंत आला आहे. कसा आला ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पोरं पाड्यावरच्या एका काकांबरोबर सुनावणीला गेलो होतो. काका नागली आणि वरई करतात, बापाच्या वेळेपासून तोच डोंगर. त्यांच्याकडे जुन्या दंडाच्या पावत्या होत्या, पिशवीत घालून छपराला टांगून ठेवलेल्या. दोन म्हाताऱ्यांचे जबाब होते. ग्रामसभेचा ठराव होता. कायद्याच्या नियमात दोन पुरावे मागतात, काकांकडे तीन होते. तिथं बसलेल्या एका अधिकाऱ्याने पावत्या हातात घेतल्या, बघितल्या आणि म्हणाला, "हा कायदाच घटनेत बसत नाही. सुप्रीम कोर्टात केस चालू आहे, आज ना उद्या पडणार. कशाला मोजण्या करत बसायचं?"

आम्ही तेव्हा काही बोललो नाही. काय बोलायचं तेच कळलं नाही. साहेबाने घटनेचं नाव घेतलं की आपण गप्प होतो.

पुढे सहा महिन्यांनी काकांच्या हातात कागद आला. त्यात लिहिलं होतं, "पुरावा अपुरा." बघा हं, तोंडाने सांगितलं की कायदा घटनेत बसत नाही. कागदावर लिहिलं की पुरावा अपुरा. जे मनात होतं ते लिहिलं नाही आणि जे लिहिलं ते खरं नव्हतं. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं हिच्यावरच आहे.

आता केसबद्दल. वनहक्क कायदा संसदेने डिसेंबर २००६ मध्ये केला. कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. हे आम्ही म्हणत नाही, संसद म्हणते. कायदा लागू झाला आणि २००८ मध्ये काही वन्यजीव संस्था सुप्रीम कोर्टात गेल्या. काही राज्यांत निवृत्त वन अधिकारी हायकोर्टात गेले. त्यांचं म्हणणं असं की जमीन हा राज्याचा विषय आहे, संसदेला असा कायदा करता येत नाही, आणि यामुळे जंगल संपेल. त्यांना कोर्टात जायचा हक्क आहे. तो हक्क आम्ही नाकारत नाही. उघडपणे जाऊन, स्वतःचं नाव लावून त्यांनी कायद्याला आव्हान दिलं, हे त्या सुनावणीतल्या साहेबापेक्षा सरळ काम आहे.

पण कोर्टात दोन बाजू लागतात. एकाने कायदा वाईट म्हटला तर दुसऱ्याने तो का केला हे सांगायला पाहिजे. कायदा संसदेने केला, म्हणजे ते सांगायचं काम केंद्र सरकारच्या वकिलाचं. आणि इथंच पाणी मुरलं. आपल्यासारख्या संघटना कितीतरी दिवस ओरडत होत्या की केंद्राचे वकील सुनावणीला गप्प बसतात, कायद्याच्या बाजूने बोलत नाहीत. कोणी ऐकलं नाही. मग १३ फेब्रुवारी २०१९ ला आदेश आला. ज्यांचे दावे शेवटपर्यंत नामंजूर झालेत त्यांना जंगलातून काढा, असं राज्यांच्या मुख्य सचिवांना सांगितलं. देशभरातले अकरा लाखांच्या वर दावे. आपल्या महाराष्ट्राचेही त्यात. मुदत जुलैपर्यंत.

सगळीकडे बोंब झाली तेव्हा केंद्र सरकार धावत कोर्टात गेलं. २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. इतके दिवस झोपला होतात का, अशा अर्थाचं कोर्टानेच केंद्राला सुनावलं, असं पेपरात आलं. कोर्टाने राज्यांना सांगितलं की दावे कसे नाकारले, कोणी नाकारले, माणसाचं ऐकून घेतलं का, ते प्रतिज्ञापत्रावर सांगा. पुढची तारीख जुलैची आहे. म्हणजे आपली आवणी चालू असेल तेव्हा दिल्लीत आपला निकाल चालू असेल.

आता काकांचा कागद पुन्हा काढा. त्यात "पुरावा अपुरा" लिहिलं होतं. तो कागद प्रांत ऑफिसातून जिल्ह्याला गेला, जिल्ह्यातून मंत्रालयात गेला, तिथं तो एक आकडा झाला. त्या आकड्यात काकांचं नाव नाही, पावत्या नाहीत, साहेबाचं बोलणं नाही. तो आकडा दिल्लीला गेला आणि तिथं त्याचं नाव पडलं "अतिक्रमण". हे नामंजूर दावे नीट तपासलेले नाहीत, असं ज्याने कोर्टाला सांगायचं तो गप्प. खाली एक साहेब कायदा मानत नाही म्हणून मोजणी करत नाही. वर एक वकील बोलत नाही. दोघांच्या मध्ये काकांचा डोंगर जातो.

आता साहेबाची बाजूही आपण बघू. न्याय मागणाऱ्याने दुसऱ्याचं ऐकलं पाहिजे.

साहेब म्हणेल, "मी शपथ घटनेची घेतली आहे. घटना मोठी, कायदा लहान. जो कायदा घटनेत बसत नाही तो मी कसा चालवू? सरकारी वकिलाने खोटं कसं बोलायचं?" हे म्हणणं अगदी चुकीचं नाही. घटनेच्या १३ व्या कलमात आहे की मूलभूत हक्क मोडणारा कायदा रद्दबातल. घटना कायद्यापेक्षा मोठी, हे आपणही म्हणतो. बाबासाहेबांनी आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी ती तशीच लिहिली.

पण मग ठरवायचं कोणी? कायदा घटनेत बसतो की नाही हे ठरवायचं काम त्याच घटनेने हायकोर्टाला आणि सुप्रीम कोर्टाला दिलंय. गार्डाला दिलेलं नाही, राउंड ऑफिसरला दिलेलं नाही, कलेक्टरलाही दिलेलं नाही. कोर्टसुद्धा सुरुवात अशी करतं की संसदेने केलेला कायदा घटनेत बसतो असं धरून चला, बसत नाही म्हणणाऱ्याने सिद्ध करावं. मग जे कोर्ट एकदम धरत नाही ते साहेब टेबलावर बसून कसं धरतो? आणि २५६ वं कलम सांगतं की राज्य सरकारने आपला कारभार संसदेचे कायदे पाळले जातील असा चालवायचा. प्रत्येक टेबलावर वेगळी घटना चालायला लागली तर आपल्या पाड्यावर कुठली पोचेल? जी साहेबाच्या सोयीची ती.

दुसरं म्हणजे साहेब घटनेचं अर्धंच पुस्तक वाचतो. जंगल राखा म्हणणारं कलम ४८-अ त्याला पाठ आहे. आदिवासींना अन्यायापासून जपा म्हणणारं कलम ४६ त्याच पुस्तकात, त्याच भागात, त्याच्या आधी आहे. पाचवी अनुसूची त्याच पुस्तकात आहे.

काही अधिकारी असं म्हणतील की आम्हाला कायदा मनापासून पटत नसताना आम्ही कोर्टात काय जोर लावणार? त्याचं उत्तर ओडिशात आहे. नियमगिरी डोंगरावर डोंगरिया कोंध राहतात. तिथं बॉक्साइटची खाण होणार होती. २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण आणि वन मंत्रालयाने तिला परवानगी नाकारली, आणि वनहक्क कायदा पाळला नाही हे त्याचं एक कारण होतं. ओडिशा सरकारची खाण कंपनी सुप्रीम कोर्टात गेली. आता हे मंत्रालय कोणतं? वनहक्काचा कायदा होत होता तेव्हा ज्याने विरोध केला होता तेच. त्याला हा कायदा कधी गोड लागला नाही. पण त्या वेळी त्याने कोर्टात उभं राहून आपला निर्णय आणि हा कायदा धरून ठेवला. १८ एप्रिल २०१३ ला कोर्टाने सांगितलं, ग्रामसभांना विचारा. १२ ग्रामसभा झाल्या. बाराच्या बारा नाही म्हणाल्या. खाण थांबली. म्हणजे कायद्यावर प्रेम असावंच लागतं असं नाही. आपलं काम करावं लागतं.

आता अवघड प्रश्न. मागच्या बैठकीत एका बाईने तो विचारला होता आणि आमच्यापैकी कोणाकडे उत्तर नव्हतं. ती म्हणाली, "आपल्या बाजूचा कायदा आहे म्हणून आपण म्हणतो साहेबाने त्याची बाजू घ्यावी. उद्या आपल्यावर उलटणारा कायदा आला तर? तेव्हाही साहेबाने त्याची बाजू घ्यावी का? तेव्हा आपण म्हणू ना, की तुझ्यात माणुसकी असेल तर सोडून दे!"

तिचं बरोबर होतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा चालवायला नकार देणारा एखादा अधिकारी असता तर आपण त्याला वाईट म्हटलं नसतं. मग आपला नियम काय? आपल्याला फायदा तेव्हा एक आणि तोटा तेव्हा दुसरा, असा नियम असेल तर तो नियम नाही, ती फक्त आपली सोय आहे.

आम्ही यावर बरेच दिवस बोललो. मोहाखाली बसून बोललो, एसटीत बोललो. आम्हाला जे सुचलं ते सांगतो, तुम्ही तपासून घ्या.

गेल्या वर्षी सुप्रीम कोर्टात ३७७ कलमाची केस झाली. दोन पुरुषांनी किंवा दोन बायांनी आपल्या मर्जीने शरीरसंबंध ठेवणं गुन्हा ठरवणारं ते कलम, इंग्रजांच्या वेळचं. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने लेखी सांगितलं की सज्ञान माणसांच्या खाजगी संबंधापुरतं आम्ही या कलमाची बाजू घेत नाही, कोर्टाने आपल्या बुद्धीने ठरवावं. ६ सप्टेंबरला कोर्टाने तेवढा भाग काढून टाकला. म्हणजे सरकारने एका कायद्याची बाजू घेतली नाही. मग ते आणि आपलं एकच का?

एक नाही. तीन फरक आहेत.

पहिला, तिथं सरकारने उघड लिहून दिलं. आमची भूमिका ही, असं सगळ्या देशाला कळलं. ज्यांना ते कलम हवं होतं त्या लोकांना कळलं की सरकार बोलणार नाही, म्हणून ते स्वतः कोर्टात उभे राहून बोलले. आपल्या केसमध्ये कोणी लिहून दिलं नाही की आम्ही या कायद्याची बाजू घेणार नाही. लिहून दिलं असतं तर आपण फेब्रुवारीच्या आधीच दिल्लीच्या दारात असतो.

दुसरा, तिथं सरकार गप्प बसल्याने कोणाचं घर जाणार नव्हतं. उलट लोकांना तुरुंगाची भीती होती ती जाणार होती. इथं सरकार गप्प बसल्याने ज्यांचं घर आणि शेत जाणार होतं त्या लाखो कुटुंबांना तारीखसुद्धा माहीत नव्हती. काकांना नोटीस आली का? नाही. ज्याचं जाणार तो कोर्टात नाही, आणि त्याच्या वतीने जो आहे तो बोलत नाही.

तिसरा, ३७७ बाबत कोर्टाचा निकाल येईपर्यंत कायदा कागदावर होता आणि सगळ्यांना माहीत होतं की आहे. इथं निकालाच्या आधीच साहेबाने आमच्या तालुक्यात कायदा रद्द करून टाकला. ना निकाल, ना कागद.

म्हणून आमचा नियम असा. साहेबाला कायदा घटनेविरुद्ध वाटत असेल तर वाटू दे. मन त्याचं आहे. पण त्याने ते लिहून द्यावं, सही करावी, वरती पाठवावं. ज्याच्या हाताने ते काम होत नाही त्याने बाजूला व्हावं आणि जो करील त्याला बसू द्यावं. सरकारी वकिलाला कायद्याची बाजू घेता येत नसेल तर त्याने कोर्टाला तसं सांगावं, म्हणजे सरकार दुसरा वकील देईल, आणि ज्यांच्यावर परिणाम होणार त्या लोकांना कोर्टात बोलायला जागा मिळेल. गुन्हेगार जमातीचा कायदा चालवायला जो नकार देईल त्यालाही हाच नियम. तो उघड नाही म्हणेल, शिक्षा झाली तर सोसेल. आपले पूर्वज उघड नाही म्हणाले होते. ते लपून "पुरावा अपुरा" लिहित बसले नव्हते.

नाही म्हणणं आणि गप्प बसून मारणं यात फरक आहे. उघड नाही म्हणणाऱ्याशी आपण भांडू शकतो. गप्प बसणाऱ्याशी कसं भांडणार?

उशीर केला तर काय होतं तेही बघितलंय. २० मार्च २०१८ ला अॅट्रॉसिटी कायदा सैल करणारा निकाल आला. ती केस आपल्या महाराष्ट्रातूनच गेलेली. केंद्राच्या वतीने नीट बाजू मांडली गेली नाही, असं तेव्हाही लोक म्हणाले. केंद्राने पुनर्विचार याचिका टाकली ती २ एप्रिलला, भारत बंदच्या दिवशी. त्या बंदमध्ये माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेला कायदा पुन्हा दुरुस्त करावा लागला. जे काम एका वकिलाने वेळेवर उभं राहून करायचं, ते न झाल्यावर गरिबांना रस्त्यावर येऊन करावं लागतं. गेल्या वर्षी मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या आपल्या म्हाताऱ्यांचे पाय तुम्ही पाहिलेत. ते पाय कशासाठी फुटले? जो कायदा आधीच झालेला आहे तो चालवा म्हणून.

आता कामाचं बोलू. घरी जाऊन प्रत्येक पाड्यावर एवढं करायचं आहे.

एक. ज्यांचा दावा नामंजूर झाला त्यांनी लेखी आदेश मागा. नामंजुरीचं कारण दावेदाराला कळवायचं, हे २०१२ च्या दुरुस्त नियमांत आहे. कारण नसेल किंवा कागदच मिळाला नसेल तर तसा अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलायचं नाही. उपविभागीय समितीने नाकारलं असेल तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं, आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय तुमच्याविरुद्ध निकाल देता येत नाही.

दोन. ग्रामसभेचा ठराव करा. आमच्या गावात किती दावे नाकारले, किती जणांना सुनावणीला बोलावलं, किती जणांना कागद मिळाला, ते आकड्यांसह लिहा. तो ठराव मुख्य सचिवांना पाठवा. कोर्टाने त्यांना हेच विचारलंय. त्यांच्या प्रतिज्ञापत्रात आपला आकडा गेला पाहिजे, ऑफिसात बसून केलेला नाही.

तीन. माहिती अधिकारात विचारा की राज्याने या केसमध्ये काय प्रतिज्ञापत्र दिलं, वकील कोण, कायद्याच्या बाजूने काय मांडलं. आपण बारावी शिकलेली पोरं प्रत्येक पाड्यावर आहोत. अर्ज आम्ही लिहून देतो. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी लागत नाही, दाखल्याची प्रत जोडा.

चार. कायद्यात ४(५) हे कलम आहे. दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून काढता येत नाही. कोणी गार्ड आवणीच्या वेळी बांधावर आला तर हे कलम सांगा. भांडू नका, शिवी देऊ नका, चार माणसं गोळा करा आणि सांगा.

आणि पाचवं. कोणी साहेब पुन्हा म्हणाला की हा कायदा टिकणार नाही, घटनेत बसत नाही, तर आमच्यासारखं गप्प बसू नका. हात जोडून म्हणा, "साहेब, तुमचं मत असेल. तेवढं कागदावर लिहून सही करून द्या." बहुतेक साहेब लिहिणार नाहीत. मग ते दावा तपासतील. आणि जो लिहून देईल, त्याचा कागद आपण जुलैमध्ये कोर्टापुढे ठेवू.

काकांनी परवा आम्हाला विचारलं, "यंदा नागली पेरू का नको?" आम्ही सांगितलं, पेरा. पण खरं सांगायचं तर सांगताना आमचा आवाज बारीक झाला होता. त्यांनी बी काढलंय. त्यांचं पीक उभं राहील तोवर आपले ठराव मुंबईत पोचले पाहिजेत.

जल, जंगल, जमीन कोणाची? आमची!

जोहार! जिंदाबाद!